पाकिटावरचं अक्षर: कुठं जाड, कुठं बारीक?

ताईंनो, प्रदर्शनात आपला स्टॉल लागला की गिऱ्हाईक आधी काय पाहते? मूगवडीची चव नंतरची गोष्ट. आधी दिसते ते पाकिटावरचं नाव. चालता चालता, दहा हातांवरून ते वाचता आलं तरच पाय थांबतात.

त्यासाठी जाड, ठसठशीत अक्षर लागते. डीटीपीच्या दुकानात अक्षरांची वेगवेगळी वळणं मिळतात, त्यांना फॉन्ट म्हणतात. 'मोदक' हा फॉन्ट नावासारखाच गुबगुबीत. अक्षराच्या पोटातली मोकळी जागा नुसत्या रेघेएवढी उरते. 'बालू' जाड पण गोलसर. हे दोन्ही मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केले. 'तेको' चौकोनी, ठोकळ्यासारखा. रुंदीला कमी जागा घेतो, म्हणून अरुंद पाकिटावर लांब नाव बसते. तिन्ही गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत आणि धंद्यासाठी वापरायला मोकळे आहेत. डीटीपीवाल्याला नाव सांगून मागा.

पण जाड अक्षर सगळीकडे चालत नाही, बाप्पा! आमच्या गटाने एकदा सगळं पाकीटच जाड अक्षरात छापून घेतलं. नाव छान दिसलं, पण खालचा बारीक मजकूर शाईने भरून गेला. असं का होते? आपल्या लिपीत वर शिरोरेषा, वेलांटी, मात्रा, आणि खाली उकार. अक्षर लहान आणि जाड झालं की मधली जागा बुजते. मग 'व' आहे की 'ब', 'घ' आहे की 'ध', 'भ' आहे की 'म', कळत नाही. बायका विचारत, "तारीख कोन्ती लिहिली हो?" आणि पाकीट खाली ठेवत. ज्या मालाची तारीख वाचता येत नाही, त्याच्यावर भरोसा कोण ठेवणार?

म्हणून एवढं ध्यानात ठेवा:

१. जाड अक्षर फक्त नावाला: गटाचं किंवा मालाचं. दोन-तीन शब्द, बस्स.

२. घटक, वजन, किंमत, तारीख, पत्ता आणि अन्न परवान्याचा 14 अंकी नंबर साध्या अक्षरात घ्या. 'मुक्ता' हा फॉन्ट त्याला चांगला. नाव मराठीत मोठं टाका, पण ही कायद्याची माहिती हिंदी किंवा इंग्रजीतही लागते.

३. फिक्या रंगावर गडद अक्षर. लाल पाकिटावर काळं नाव दिसत नाही.

४. हजार पाकिटं छापायच्या आधी एकच कागद खऱ्या मापात काढून घ्या. नाव भिंतीला लावून दहा हातांवरून वाचा. बारीक मजकूर गटातल्या सगळ्यात वयस्कर आजीच्या हातात द्या. तिनं चष्मा लावून वाचला, की छापायला टाका.

छपाईचे पैसे एकदाच जातात. न वाचलेलं पाकीट मात्र रोज घरी परत येते.