एचपीव्ही लस : सहीआधीचे पाच प्रश्न

रोवणीच्या दिवसांत गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावकडच्या आया सकाळीच बांधीत उतरतात. अशा दिवसांत लसीचं संमतीपत्र दप्तरातून घरी आलं, तर दिवे लागणीला परतलेली आई सही करण्याआधी शेजारणीला विचारणारच. तिच्या मनातल्या शंकांना शाळेनं आधीच उत्तर द्यायला हवं.

गैरसमज : गर्भाशयमुखाचा कर्करोग नशिबानं होतो.
वस्तुस्थिती : जवळपास प्रत्येक रुग्णात त्यामागे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही असतो. त्याचे 16 आणि 18 हे दोन प्रकार जगभरातल्या सुमारे 70 टक्के रुग्णांच्या आजाराला कारण आहेत आणि लस त्यांनाच अडवते. 2022 मध्ये भारतात या कर्करोगाचे अंदाजे 1 लाख 27 हजार नवे रुग्ण आढळले, तर सुमारे 80 हजार बायका दगावल्या.

गैरसमज : एवढ्या लहान पोरीला कशाला? लग्नानंतर बघू.
वस्तुस्थिती : विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि आधीच झालेला संसर्ग लस घालवू शकत नाही. म्हणून 9 ते 14 हे वय सर्वांत योग्य. एकाच नवऱ्यासोबत आयुष्य काढलेल्या बाईलाही हा संसर्ग होतो. तेव्हा यात मुलीच्या चारित्र्याचा प्रश्नच येत नाही.

गैरसमज : ही लस घेतली की पुढे मूल होत नाही.
वस्तुस्थिती : लसीत जिवंत विषाणू नसतो, असतं फक्त त्याच्या कवचासारखं प्रथिन. त्यातून संसर्ग होत नाही. लसीमुळे वंध्यत्व येतं, असा कोणताही पुरावा नाही.

गैरसमज : या लसीनं मुली मेल्या होत्या.
वस्तुस्थिती : ही भीती 2010 मधली आहे. आंध्र प्रदेश आणि गुजरातमधल्या एका प्रकल्पात लस घेतलेल्या सात मुलींचा मृत्यू झाला. चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. मात्र पालकांची संमती नीट घेतली नव्हती, हा ठपका खरा होता. त्या गदारोळात देशातल्या दुसऱ्या एका अभ्यासातलं लसीकरणही थांबलं. त्या अभ्यासात आपल्या बार्शीचं कर्करोग रुग्णालयही होतं. अनेक मुलींना एकच डोस मिळाला होता. संशोधकांनी त्यांची साथ सोडली नाही, वर्षानुवर्षं त्यांची तपासणी केली. 2021 मध्ये निष्कर्ष आला : 16 आणि 18 प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसनंही सुमारे 95 टक्के संरक्षण मिळालं होतं. पुढे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या वयात एक डोसही चालेल असं सांगितलं, त्यामागे या मुलींचाही वाटा आहे.

गैरसमज : लस झाली, आता तपासणी नको.
वस्तुस्थिती : लस सगळे प्रकार अडवत नाही. तिशीनंतर गर्भाशयमुखाची तपासणी करायचीच. आणि मुलीच्या लसीचं बोलणं निघालंच आहे, तर आईनंही स्वतःची तपासणी करून घ्यावी.

शाळेतून हे जमतं का? जमतं. सिक्कीमनं 2018 मध्ये शाळांमधून ठरलेल्या वयोगटातल्या सुमारे 97 टक्के मुलींना लस दिली. त्याच वर्षी गोवर-रुबेलाची मोहीम आपल्याही शाळांनी पाहिली आहे. गरज आहे ती तयारीची. पालकसभा रोवणीआधी व्हावी, आशाताईंनी तिथं आयांच्या बोलीत बोलावं, सही समजून घेतलेली असावी. लसीच्या दिवशी मुलीला उपाशी पाठवू नये. सुई दंडावर टोचतात, मग पंधरा-वीस मिनिटं बसवून ठेवतात. या वयात भीतीनंच काहींना भोवळ येते आणि एकीला आली की रांगेतल्या बाकीच्या घाबरतात. दंड दुखणं, थोडा ताप हे एक-दोन दिवसांत जातं.

हजेरीपटावर जिचं नाव आहे, तिच्यापर्यंत शाळा पोहोचेल. सातवीनंतर घरी बसलेली, धाकट्या भावंडांना सांभाळणारी मुलगी मात्र कुठल्याच पटावर नसते. आशाताईंच्या यादीत तिचं नाव सर्वांत आधी लिहिलं जावं.