दोन वह्यांचा मेळ

पेढीवरील रोजमेळात दिवसाची विक्री उतरत असे. परंतु ग्राहक कशामुळे दुकानात आला, हे त्या वहीला ठाऊक नसे. ऑनलाइन दुकानाच्या अशा दोन वह्या असतात. एकीत विक्री, तर दुसरीत ग्राहक कोणत्या जाहिरातीवरून आला याची नोंद. ही दुसरी वही म्हणजे विपणन-विश्लेषण प्रणाली. गूगलने २००५ साली अर्चिन ही कंपनी विकत घेऊन सुरू केलेली गूगल ॲनालिटिक्स ही त्यांपैकी विशेष परिचित. जाहिरातीच्या दुव्याला जोडल्या जाणाऱ्या ‘युटीएम’ या खुणेत अर्चिनचे नाव अद्याप टिकून आहे.

या वह्या जोडाव्या कशासाठी? समजा, लाकडी खेळणी विकणाऱ्या एका कारागिराने दोन जाहिरातींवर प्रत्येकी ५,००० रुपये खर्च केले. प्रत्येक खेळणे ५०० रुपयांचे. पहिलीतून ४० मागण्या आल्या, दुसरीतून २५. साहजिकच त्याला पहिली जाहिरात सरस वाटली. पुढे पहिलीची २२ पार्सले परत आली, दुसरीची केवळ ३. म्हणजे पहिलीची खरी विक्री ९,००० रुपये आणि दुसरीची ११,००० रुपये! परतीची नोंद दुकानाच्या वहीतच राहिली, तर हा कारागीर पुढील महिन्याचे पैसेही पहिल्याच जाहिरातीवर घालील. घरपोच रोख रक्कम घेण्याची पद्धत आपल्याकडे रूढ असल्याने ही चूक सहज घडते.

जोडणीचा खरा दुवा म्हणजे मागणी क्रमांक. खरेदी होताच हा क्रमांक, रक्कम, चलन आणि वस्तूंची यादी विश्लेषण प्रणालीकडे जाते. आभाराचे पान ग्राहकाने पुन्हा उघडले, तरी क्रमांक तोच असल्याने विक्री दुबार मोजली जात नाही. पार्सल परत आल्यावर त्याच क्रमांकाने परताव्याची नोंद पाठवावी लागते. ती आपोआप होईल असे गृहीत धरू नये.

याउलट अडचणही संभवते. ग्राहक यूपीआय ॲपवर जाऊन पैसे भरतो आणि दुकानाच्या पानावर परततच नाही. पैसे मिळतात, परंतु विक्रीची नोंद पोहोचत नाही. म्हणून ती दुकानाच्या सर्व्हरवरून थेट पाठवणे अधिक भरवशाचे. मात्र तिच्यासोबत त्या भेटीची ओळखखूणही पाठवली पाहिजे. अन्यथा विक्री दिसेल, पण ती कोणत्या जाहिरातीची हे कळणार नाही.

ओळखखूण म्हणजे ग्राहकाचे नाव किंवा दूरध्वनी क्रमांक नव्हे. तो तपशील ॲनालिटिक्सकडे पाठवण्यास गूगलच्या नियमांनीच मनाई आहे. शिवाय आपल्या देशात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली स्वतंत्र कायदाही संमत झाला आहे.

इतकी काळजी घेऊनही दोन्ही बेरजा तंतोतंत जुळतीलच असे नाही, कारण काही ग्राहक माग ठेवण्यास संमती देत नाहीत, तर काहींचे ब्राउझर तो रोखतात. अशा वेळी हिशेबासाठी दुकानाचीच वही प्रमाण मानावी.