उपसागरातले वादळ आणि बालाघाटचे धान

'बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा निर्माण झाला आहे.' आमच्या पिढीतल्या बहुतेक मराठी घरांत हे वाक्य पाठ होते. रेडिओवर ते ऐकू आले, की आम्ही मुले निवेदकाचा सूर काढून एकमेकांना ते म्हणून दाखवीत असू. बालाघाटात समुद्र कुठला? वैनगंगा काय ती आमची सर्वांत मोठी जलराशी. आजी मात्र ते वाक्य ऐकताच अंगणात जाऊन पूर्वेकडे पाहून येई. त्या दिशेला मैकलच्या डोंगरांखेरीज काही दिसत नाही, तरी ती पाही. तिचे चुकत नव्हते, हे कळायला आम्हांला स्वतःचे धान भिजवावे लागले.

(जाता जाता एक खुलासा. हवामानशास्त्रात 'पट्टा' आणि 'क्षेत्र' या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वादळे जन्मतात ती क्षेत्रातून. परंतु लोकांच्या तोंडी पट्टाच बसला आहे, आणि तो आता निघणे नाही.)

ती हकीकत थोडक्यात सांगतो. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दसरा होऊन गेला होता, कोजागिरीचे चांदणे स्वच्छ पडले होते आणि हलके धान पिवळे होऊन उभे होते. ओडिशाच्या किनाऱ्याकडे वादळ येत असल्याच्या बातम्या येत होत्या. पण त्या कोळ्यांसाठी आणि बंदरांसाठी, अशी आमची समजूत. बटाईदाराने एकदा विचारले, की चार दिवस थांबू या का? आम्हीच घाई केली. दोन दिवसांत कापणी आटोपली आणि धानाच्या कडपा वाळण्यासाठी बांधीत आडव्या पडल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आले. वारा नाही, गडगडाट नाही. नुसती झिमझिम, आणि ती दीड-दोन दिवस थांबली नाही. पाणी फार पडले नव्हते, पण ओल्या मातीवर पडलेल्या लोंब्यांत दाण्यांना तिथेच कोंब फुटले. उरलेले धान वाळवता वाळवता नाकी नऊ आले. सरकारी खरेदीत १७ टक्क्यांहून अधिक ओलावा चालत नाही, हे धान पिकवणाऱ्या वाचकांना सांगायला नकोच.

तेव्हापासून आम्ही या विषयाच्या मागे लागलो.

पारादीप ते बालाघाट हे सरळ रेषेतले अंतर सुमारे ७०० किलोमीटर, गोपाळपूरहून साडेपाचशेच्या आसपास. वादळ किनारा ओलांडते तेव्हा त्याचे समुद्राच्या उबदार वाफेवरचे पोषण तुटते, जमिनीचे घर्षण त्याला अडवते आणि एका दिवसात त्याचा जोर ओसरतो. ताशी ६२ किलोमीटरपर्यंत वारे पोहोचले तर ते चक्रीवादळ आणि त्याला नाव; त्याखाली उतरले की तो नुसता अवदाब. वर्तमानपत्रांचा रस तिथे संपतो. परंतु वारा मरतो म्हणून ढग मरत नाहीत. तो अवदाब ताशी पंधरा-वीस किलोमीटरच्या चालीने महानदीचे खोरे आणि छत्तीसगढचे मैदान ओलांडीत पश्चिमेस निघाला, तर सुमारे दोन दिवसांत मैकलच्या या बाजूस उतरतो. आमच्या कडपा भिजवल्या त्या असल्याच नावगाव हरवलेल्या वादळाने.

निघाला तर, असे आम्ही म्हटले. शरदातल्या अंदाजाची सारी अडचण त्या 'तर'मध्ये आहे. श्रावण-भाद्रपदात उपसागरात उठलेले क्षेत्र बहुधा मोसमी पावसाच्या द्रोणीला धरून वायव्येस सरकते. वाट मळलेली असते. आश्विनात मोसमी वारे माघार घेतात, ती द्रोणी मोडते आणि उत्तरेकडचे पश्चिमी वारे उंचावरून दक्षिणेस उतरू लागतात. त्यांच्या तावडीत सापडले, की वादळ वळण घेऊन ईशान्येस निघून जाते. न सापडले तर आमच्याकडे येते.

तीन वादळांची तुलना करून पाहावी. २०१३ सालचे फायलिन १२ ऑक्टोबरला गोपाळपूरजवळ किनाऱ्यावर आले आणि उत्तरेकडे झुकत झारखंड-बिहारकडे गेले. २०१४ सालचे हुदहुद तारखेलाही चुकले नाही, १२ ऑक्टोबरलाच विशाखापट्टणमवर आदळले. पण ते छत्तीसगढ आणि पूर्व मध्यप्रदेशावरून उत्तर प्रदेशात गेले आणि त्याच्या उरल्यासुरल्या बाष्पाने नेपाळच्या अन्नपूर्णा परिसरात असा हिमपात झाला, की त्यात गिर्यारोहक दगावले. २०१८ सालचे तितली ११ ऑक्टोबरला जवळजवळ त्याच किनाऱ्याला लागले आणि वळून पश्चिम बंगालकडे गेले. पंधरवडा तोच, किनाराही जवळपास तोच, आणि वाटा मात्र तीन. १९९९च्या महावादळाची तर गोष्टच वेगळी. ते २९ ऑक्टोबरला पारादीपजवळ शिरले आणि पुढे सरकलेच नाही. ओडिशाच्या किनारी भागावर ठाण मांडून बसले व अखेर पुन्हा समुद्रात उतरले. त्यात सुमारे १०,००० माणसे मेली.

पंचांगात हस्त, चित्रा, स्वाती यांची वाहने पाहून पावसाचा अदमास बांधण्याची रीत आमच्या घरातही होती. ती आम्ही टाकलेली नाही, पण वादळाची वाट नक्षत्रे सांगत नाहीत. ती कळते वरच्या हवेवरून. नागपूर, भुवनेश्वर, कोलकाता, विशाखापट्टणम अशा ठिकाणांहून उपकरणे बांधलेले फुगे ठरल्या वेळी आकाशात सोडतात आणि उंचावरचे तापमान, आर्द्रता व वारे मोजतात. उपग्रहांची चित्रे, समुद्रातल्या तरंगत्या यंत्रांचे आकडे आणि हे फुगे यांचा मेळ संगणक घालतो. २०२५च्या मे महिन्यापासून आपल्या हवामान विभागाची नवी प्रणाली पृथ्वीचे ६ किलोमीटरचे चौकोन पाडून गणित करते; ती पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत तयार झाली, याचा मराठी माणसाला थोडा अभिमान वाटला तर क्षम्य आहे.

पुण्याचे आणि या खात्याचे नाते जुनेच. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यावर आलेल्या भीषण वादळानंतर पुढच्याच वर्षी त्या बंदरासाठी इशाऱ्याची व्यवस्था झाली. १८७५ मध्ये हवामान खाते स्थापन झाले. मुख्यालय कलकत्त्याहून शिमल्यास, तिथून १९२८ मध्ये पुण्यास आणि १९४४ मध्ये दिल्लीस गेले. शिवाजीनगरच्या चौकाला पुणेकर आजही 'शिमला ऑफिस' म्हणतात ते यामुळेच. 'सायक्लोन' हा शब्दसुद्धा कलकत्त्यातच घडला. हेन्री पिडिंग्टन याने तो १८४८च्या आपल्या ग्रंथात नाविकांसाठी वापरला. थोडक्यात, हे शास्त्र आपल्याकडे जहाजांसाठी आले, बंदरांसाठी वाढले आणि किनाऱ्यासाठी परिपूर्ण होत गेले. त्यात त्याचे यश मोठे आहे: १९९९मध्ये जिथे हजारो मेले, तिथे २०१३मध्ये सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलवल्यामुळे बळींची संख्या शंभराच्या आत राहिली. या यशापुढे आमच्या दहा-वीस पोत्यांचे रडगाणे गाणे शोभत नाही, हे आम्ही जाणतो.

तरीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. इशाऱ्यांची मोजपट्टी संकटाच्या मापाने आखलेली आहे. पिवळा, नारिंगी, लाल हे रंग मुख्यतः जोरदार पाऊस, वीज आणि वादळी वारे यांसाठी. 'जोरदार' म्हणजे २४ तासांत ६४.५ मिलिमीटरहून अधिक. उभ्या भारी धानाला दहा-पंधरा मिलिमीटरने काहीच होत नाही. कापून पडलेल्या धानाचा मात्र तेवढ्याने घात होतो. म्हणजे ज्या पावसाने आमचे नुकसान होते, तो बहुतेकदा कोणत्याही रंगात बसत नाही. रंग नाही म्हणून धोका नाही, असे समजून विळा हाती घेणारा फसतो. आम्ही असेच फसलो.

मग पाहावे काय? वादळाच्या इशाऱ्याचे चार टप्पे असतात. पहिले तीन किनाऱ्यासाठी: ७२ तास, ४८ तास आणि २४ तास आधीचे. चौथा टप्पा १९९९ साली सुरू झाला. वादळ जमिनीवर येण्याच्या निदान १२ तास आधी तो निघतो आणि ते आत कोणत्या दिशेला जाईल, आतल्या प्रदेशात काय हवामान राहील, हे सांगतो. आमच्या दृष्टीने हाच खरा इशारा, आणि बातम्यांत हाच हमखास गळतो. कारण तोपर्यंत सगळे कॅमेरे किनाऱ्यावरच्या लाटांकडे वळलेले असतात.

दुसरे म्हणजे शब्दांचा अर्थ. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या विभागातल्या चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस. 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे पाऊणपेक्षा अधिक. हे शोभेचे शब्द नाहीत, मोजमापाचे आहेत. 'तुरळक' असेल तर आम्ही कापतो, 'अनेक ठिकाणी' आले की विळे खुंटीवर.

तिसरे आमचे स्वतःचे मत आहे, ते वाचकांनी तपासून घ्यावे. बालाघाट १९५६पर्यंत नागपूरच्या राजधानीखाली होता, नंतर भोपाळच्या आला. हवामानाच्या नकाशात तो 'पूर्व मध्यप्रदेश' या विभागात मोडतो, आणि त्या विभागात रीवा-सतनाही येतात. पण वारासिवनी-लांजीच्या आभाळाचे सोयरसंबंध गोंदिया आणि राजनांदगावशी. तेव्हा भोपाळच्या अंदाजासोबत छत्तीसगढ आणि विदर्भ यांचेही अंदाज आम्ही पाहतो. नागपूरचे डॉप्लर रडार येथून सरळ रेषेत सुमारे १४० किलोमीटरवर आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे त्याचा किरण इथे येईतो दोन किलोमीटरहून अधिक उंचीवर असतो. त्याखाली झिरपणाऱ्या ढगांची झिमझिम त्यातून निसटू शकते. म्हणून रडारच्या चित्रात आभाळ मोकळे दिसले, तरी खिडकीबाहेर पाहावे.

मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला निघतो. या दोन दिवसांच्या मधे कापणी धरायची असेल, तर आदल्या सल्ल्यातला पाचही दिवसांचा पाऊस पाहून मगच मजूर सांगतो. कापलेले धान वाळताच बांधून पुंजणे घालतो, पुंजण्याखाली पेंढ्याचा थर आणि वर ताडपत्री. भारी धानाला, विशेषतः चिन्नोरला, वेळ असतो. तो उशिरा पिकतो आणि तोवर उपसागर बहुधा शांत झालेला असतो. २०२१मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला हा आमचा सुगंधी तांदूळ. पण त्याचे रोप उंच, आणि उशिराचे वादळ आलेच तर तो आडवा होतो. त्यामुळे दिवाळीनंतरही आमचा एक डोळा पूर्वेकडे असतो.

एवढे सगळे करून शेवटचा भरवसा ठेवतो तो रायपूरच्या मावशींवर. त्यांच्या गच्चीवर वाळवणाला घातलेली गादी आत घेण्याची वेळ आली, की त्या फोन करतात. 'आले रे इकडे,' एवढेच म्हणतात आणि ठेवून देतात. आमच्याकडे मग ताडपत्री ओढायला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतचा अवधी असतो.