उतारवय आणि पायांतील बळ

घरातील वडीलधारे माणूस पाण्यासाठी उठू लागले, की कोणीतरी लगबगीने म्हणते, "आजोबा, तुम्ही बसा, मी आणतो." पाणी जागेवर येते, चष्मा येतो, वर्तमानपत्र येते आणि काही दिवसांनी जेवणाचे ताटही जागेवर येऊ लागते. यामागील भावना चांगली आहे, यात संशय नाही. परंतु शरीरशास्त्राच्या दृष्टीने पाहिले, तर या सेवेची एक किंमत आहे, आणि ज्याची सेवा होते त्यालाच ती द्यावी लागते. ही किंमत कोणती व ती कशी टाळता येईल, हे या पुस्तिकेत पाहावयाचे आहे.

भारत स्वतंत्र झाला त्या सुमारास येथील सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरीच्या जवळपास आहे. २०११ च्या जनगणनेत साठ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींची संख्या दहा कोटींहून अधिक भरली. पदरात पडलेली ही जास्तीची वर्षे स्वतःच्या पायांवर उभे राहून काढावयाची, की दुसऱ्याच्या हाताला धरून, हा प्रश्न आता घरोघरी उभा आहे. उतारवयातील आरोग्य म्हटले की मधुमेह, रक्तदाब आणि हृदय यांचीच चर्चा होते, आणि त्यांचे महत्त्व मोठे आहेच. तथापि खुर्चीतून उठणे, जिना चढणे, न्हाणीघरात तोल सांभाळणे ही स्वावलंबनाची कामे मुख्यतः पायांच्या स्नायूंची आहेत. म्हणून इतर गोष्टी थोडक्यात आटोपून येथे पायांविषयीच विस्ताराने लिहिले आहे.

वय आणि विश्रांती

तिशी-चाळिशीनंतर मनुष्याच्या शरीरातील स्नायूंचे प्रमाण हळूहळू घटू लागते. दर दहा वर्षांस ही घट साधारणपणे शेकडा ३ ते ८ इतकी असते, व साठीनंतर तिचा वेग वाढतो. स्नायू जितके रोडावतात त्याहूनही त्यांचे बळ अधिक झपाट्याने उतरते. याचे कारण असे की, स्नायूंत दोन मुख्य प्रकारचे तंतू असतात. काही सावकाश आकुंचन पावणारे परंतु न थकणारे, तर काही वेगाने आकुंचन पावणारे व जोरकस. वार्धक्यात ऱ्हास होतो तो विशेषेकरून या दुसऱ्या प्रकारच्या तंतूंचा. ठेच लागताच पाऊल चटकन पुढे टाकून शरीर सावरणे, हे काम याच तंतूंचे. अमेरिकन वैद्य आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ साली या ऱ्हासास 'सार्कोपेनिया' असे नाव दिले. ग्रीक भाषेतील मांस आणि उणीव या अर्थांच्या शब्दांपासून ते बनविलेले आहे. मराठीत 'मांसक्षय' म्हटले तरी चालण्यासारखे आहे.

हा ऱ्हास वयाने होतो हे खरे; परंतु सर्वच वयाने होतो काय? या प्रश्नाचे मार्मिक उत्तर अमेरिकेतील डॅलस येथे झालेल्या एका प्रयोगातून मिळाले. १९६६ साली तेथील शास्त्रज्ञांनी वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात पडून राहावयास लावले. त्यांना कोणताही आजार नव्हता. केवळ सक्तीची विश्रांती होती. तीन आठवड्यांनंतर त्यांची शारीरिक कार्यशक्ती, म्हणजे अधिकाधिक श्रम करताना शरीर जितका प्राणवायू वापरू शकते ते प्रमाण, पुष्कळच खाली आले. तीस वर्षांनी, १९९६ साली, पन्नाशीला पोहोचलेल्या त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तीस वर्षांच्या वयाने त्यांच्या कार्यशक्तीची जेवढी हानी केली होती, त्याहून अधिक हानी तरुणपणीच्या त्या तीन आठवड्यांच्या विश्रांतीने झाली होती! पुढे सहा महिने क्रमाक्रमाने वाढविलेला व्यायाम केल्यावर वयाने गेलेली शक्तीही परत आली. केवळ पाच माणसांवरून सर्व मानवजातीविषयी निर्णय देणे धाडसाचे ठरेल. परंतु ज्याला आपण 'वय झाले' म्हणून सोडून देतो, त्याचा बराच भाग वयाचा नसून बसून राहण्याचा असतो, हे नंतरच्या अनेक पाहण्यांनी पक्के केले आहे.

बसून राहण्याच्या दुष्परिणामांकडे शास्त्राचे लक्ष प्रथम वेधले ते लंडनच्या दुमजली बसगाड्यांमुळे. जेरेमी मॉरिस या वैद्यकतज्ज्ञांनी या गाड्यांवरील नोकरांची पाहणी करून १९५३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. चालक दिवसभर एका जागी बसलेले, तर वाहक तिकिटे देत दिवसभर जिना चढणारे व उतरणारे. एकाच संस्थेचे, सारख्याच समाजातले हे लोक. पण वाहकांत हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले, आणि ज्यांना तो झाला त्यांना उशिरा व सौम्य स्वरूपात झाला. मॉरिस यांचा शास्त्रीय प्रामाणिकपणा असा, की त्यांनी पुढे गणवेशांची मापेही तपासली. चालकांच्या विजारी कमरेत अधिक रुंद होत्या, व त्या तरुण वयापासूनच तशा होत्या. म्हणजे दोन्ही गटांतील फरक केवळ जिन्यामुळे पडला असे म्हणता येत नव्हते. हे त्यांनी स्वतःच १९५६ साली मांडले. पुढे इतरांनी केलेल्या मोठ्या पाहण्यांतून मात्र मूळ निष्कर्ष टिकून राहिला. मॉरिस स्वतः ९९ वर्षे जगले.

नव्वदीतील दहा माणसे

आता वाचक विचारील, की पन्नाशीत शक्ती परत येत असेल. पण ऐंशी-नव्वदीत काय? याही प्रश्नाचे उत्तर उपलब्ध आहे. मारिया फियातारोने व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील बॉस्टन येथील एका वृद्धाश्रमातील दहा दुर्बल व्यक्तींना वजन उचलण्याचा व्यायाम दिला. त्यांचे सरासरी वय नव्वद वर्षे होते. खुर्चीत बसून, पायाला वजन लावून गुडघा सरळ करावयाचा, असा तो व्यायाम. वजन दिखाऊ नव्हते. ज्याला जितके झेपेल त्याच्या मानाने चांगलेच जड होते व ते क्रमाने वाढविले जाई. आठ आठवड्यांचा हा क्रम नऊ जणांनी पुरा केला. त्यांच्या मांडीचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले, म्हणजे मूळच्या अडीचपटीहून अधिक झाले. दोघांना चालताना काठीची गरज उरली नाही. १९९० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा वैद्यकीय जगात आश्चर्य व्यक्त झाले. कारण तोवर या वयात जड व्यायाम देणे हे अविचाराचेच मानले जात असे. व्यायाम थांबताच बळ पुन्हा उतरू लागले, हेही येथे नमूद केले पाहिजे.

यावरून दैनंदिन व्यवहारासाठी दोन गोष्टी निघतात. पहिली अशी, की नुसते सपाट रस्त्यावरून फिरणे पुरेसे नाही. सकाळी उद्यानात फेऱ्या मारणारे ज्येष्ठ नागरिक गावोगावी दिसतात. हृदय, रक्तदाब आणि मन यांना त्याचा मोठा लाभ होतो. दररोज दहा हजार पावले चाललीच पाहिजेत, हा समज मात्र १९६० च्या दशकात जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजण्याच्या एका यंत्राच्या नावावरून रूढ झालेला आहे. सरासरी ७२ वर्षे वयाच्या सोळा हजारांहून अधिक अमेरिकन स्त्रियांची पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीत २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळले, आणि साडेसात हजारांच्या पुढे विशेष अधिक लाभ दिसला नाही. पण मांडीचे स्नायू बळकट व्हावयाचे, तर त्यांच्यावर नेहमीपेक्षा अधिक भार पडला पाहिजे.

दुसरी गोष्ट, हा भार घरातल्या घरात देता येतो. भिंतीला टेकवून ठेवलेली, हलणार नाही अशी खुर्ची घ्यावी. हात छातीवर बांधून उभे राहावे, व पुन्हा सावकाश, धपकन न पडता, बसावे. असे आठ-दहा वेळा केल्यावर शेवटच्या दोन-तीन खेपा कष्टाच्या वाटल्या, तर भार योग्य आहे असे समजावे. हातांचा आधार घेतल्याखेरीज उठताच येत नसेल, तर प्रारंभी बैठक उशीने उंच करावी व दर काही दिवसांनी ती उंची कमी करीत जावे. ६५ ते ६९ वर्षांच्या पुरुषास अर्ध्या मिनिटात १२ वेळा, व स्त्रीस ११ वेळा असे उठता आले नाही, तर पायांचे बळ सरासरीपेक्षा कमी आहे असे मानतात. ओट्याला धरून टाचा उचलणे व जिन्याचा उपयोग करणे हेही उत्तम. ज्यांना हृदयविकार आहे, अलीकडे शस्त्रक्रिया झाली आहे, अथवा श्रमाने छातीत दुखते, त्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांस विचारूनच हे आरंभावे.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्या जुन्या घरांतून हा व्यायाम आपोआप घडत असे. पाटावर जेवावयास बसणे, उकिडवे बसून भाजी निवडणे, मांडी घालून पोथी वाचणे, यांत दिवसातून कितीतरी वेळा शरीराचे सारे ओझे जमिनीपासून वर उचलावे लागे. जेवणाचे मेज, कोच आणि उंच शौचपात्र यांनी ते श्रम वाचविले. जुने ते सगळे चांगले होते असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. ज्यांचे गुडघे झिजले आहेत त्यांना उंच आसन हे वरदानच आहे. परंतु ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी निदान एक वेळचे जेवण जमिनीवर बसून घेण्यास हरकत नसावी.

तोल कसा राहतो

दोन पायांवर उभे राहणे ही आपल्याला साधी गोष्ट वाटते, पण ती तशी नाही. मेंदूला शरीराच्या स्थितीची वार्ता तीन ठिकाणांहून सतत येत असते : डोळ्यांकडून, अंतर्कर्णातील द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका व त्यांलगतच्या इंद्रियांकडून, आणि तळपाय व सांधे यांतील संवेदक तंतूंकडून. वयपरत्वे तिन्ही वार्ताहर थोडेथोडे मंद होतात. मोतीबिंदू झालेला डोळा अंधारात पायरी दाखवीत नाही. दीर्घकाळच्या मधुमेहाने तळव्यांची जाणीव बोथट होते. एक वार्ताहर गैरहजर असला, तर इतर दोघे वेळ निभावून नेतात. परंतु न्हाणीघरात साबणाने डोळे मिटलेले, फरशी ओली आणि तळवे बधिर, अशा वेळी उभ्याने अंघोळ करणारा वृद्ध एकट्या कानाच्या भरवशावर उभा असतो. बसून स्नान करण्याची आपली जुनी रीत या दृष्टीने शहाणपणाची आहे; मात्र आसन गुडघ्याएवढे उंच असावे व भिंतीला पकडावयास दांडी असावी.

पडण्याचे भय अकारण नाही. उतारवयात हाडे विरळ झालेली असतात, आणि खुब्याच्या हाडाचा भंग झालेले कित्येक रुग्ण पूर्वीसारखे चालू शकत नाहीत. पण भीतीचेही एक दुष्टचक्र आहे. एकदा पडलेला माणूस चालणे कमी करतो, त्यामुळे पाय दुबळे होतात, आणि दुबळ्या पायांमुळे तो पुन्हा पडतो. तोल हा सरावाने सुधारतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस तोल व बळ वाढविणारा व्यायाम करावा, असे सांगितले आहे. ओट्याजवळ उभे राहून, बोटे ओट्यावर टेकवून, दहा सेकंद एका पायावर उभे राहावे व मग दुसऱ्या. सवय झाल्यावर बोटे किंचित उचलावीत, पण ओटा हाताशी असू द्यावा.

रात्रीची वेळ विशेष धोक्याची. निजलेला मनुष्य उभा राहताच सुमारे अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त पाय व पोट यांकडे उतरते. तरुणाच्या रक्तवाहिन्या क्षणार्धात आकुंचित होऊन मेंदूचा पुरवठा राखतात. वृद्धाच्या उशीर करतात, व रक्तदाबाच्या आणि झोपेच्या काही औषधांनी हा उशीर आणखी वाढतो. म्हणून खाटेच्या काठावर पाय खाली सोडून मिनिटभर बसावे आणि मगच उठावे. मोरीपर्यंतच्या वाटेवर मंद दिवा असावा. सुटी सतरंजी व सैल चपला तेथून हद्दपार कराव्यात. उठल्यावर वारंवार अंधारी येत असेल, तर औषधे स्वतः बंद न करता डॉक्टरांस सांगावे.

आहाराविषयी थोडेच सांगावयाचे आहे. दात गेले, की ज्येष्ठांचे जेवण नकळत मऊ भात, पेज आणि चहा-बिस्किटांवर येते, आणि स्नायू ज्यांपासून बनतात ती प्रथिने कमी पडतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाच्या वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने रोज हवीत. उतारवयात एक ग्रॅमपर्यंत असावीत, असे पुष्कळ तज्ज्ञ म्हणतात. तीस ग्रॅम डाळीतून सुमारे सात ग्रॅम, आणि एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम मिळतात. घट्ट वरण, दही, ताक घालून कालवलेले पीठ, मऊ शिजवलेली उसळ हे पदार्थ कवळी नसलेल्यांसही खाता येतात. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र हे प्रमाण वैद्यकीय सल्ल्यानेच ठरवावे. मीठ दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभराहूनही कमी. तंबाखू मुळीच नाही. आणि तहान मंदावत असल्याने तहानेची वाट न पाहता पाणी प्यावे.

शेवटी, सर्व काळजी घेऊनही पडल्यास काय करावे, हे आधीच शिकून ठेवणे बरे. हा सराव घरातील कोणी जवळ असताना, सतरंजीवर करावा. पडल्यावर घाई करू नये. क्षणभर तसेच पडून कोठे तीव्र वेदना आहे काय ते पाहावे. नसेल, तर कुशीवर वळावे, कोपरांच्या आधाराने हात-गुडघ्यांवर यावे, रांगत जवळच्या भक्कम खुर्चीपाशी जावे, दोन्ही हात तिच्या बैठकीवर ठेवावेत, बळकट पाऊल पुढे टाकून उठावे व वळून खुर्चीत बसावे. खुबा किंवा मांडी दुखत असेल व पाय हलवता येत नसेल, तर उठण्याचा प्रयत्न करू नये. हाताशी येईल ते पांघरूण अंगावर ओढून घ्यावे आणि भांडे अथवा काठी जमिनीवर आपटून घरच्यांना बोलवावे.