गुहेतले अठरा दिवस आणि आपला श्वास

"ध्यान कर गं, मन शांत होईल!"

आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसले होते तेव्हा हे वाक्य मला निदान दहा जणींनी ऐकवलं असेल. आत ह्यांना व्हेंटिलेटर लावलेला. माझ्या हातात औषधांची चिठ्ठी, डोक्यात पर्समध्ये उरलेल्या पैशांचा हिशोब. आणि समोरची बाई सांगतेय, डोळे मिट, श्वासाकडे बघ. खरं सांगू मैत्रिणींनो, तेव्हा रागच आला होता. म्हणजे मला रडूही येतंय यात माझीच काहीतरी चूक, असंच वाटायला लागलं.

ते दिवस सरले, हे बरे होऊन घरी आले. पण प्रश्न मनात घर करून राहिला. जीवघेण्या संकटात ध्यानाचा खरंच उपयोग होतो, की ती सगळी निवांत माणसांची चैन? उत्तर शोधताना एक घटना आठवली. टीव्हीसमोर बसून आपण सगळ्यांनीच श्वास रोखून पाहिलेली.

२३ जून २०१८, शनिवार. थायलंडच्या चियांग राय प्रांतातली बारा मुलं फुटबॉलचा सराव आटोपून आपल्या प्रशिक्षकाबरोबर थाम लुआंग नावाच्या गुहेत शिरली. मुलं अकरा ते सोळा वर्षांची, तर प्रशिक्षक एकापोल पंचविशीचा. एका मुलाचा त्या दिवशी वाढदिवस होता. तासाभरात परतायचं म्हणून खायलाही काही नेलेलं नाही. बाहेर पाऊस कोसळला, गुहेत पाणी भरलं आणि परतीची वाट बंद झाली. २ जुलैच्या रात्री दोन ब्रिटिश पाणबुडे त्यांच्यापर्यंत पोहोचले. तोवर नऊ रात्री गेल्या होत्या. गुडूप अंधार, थंडी, पोटात फक्त खडकातून ठिबकणारं पाणी. बाहेर कुणाला आपला पत्ता आहे की नाही, तेही माहीत नाही.

घरी दहा मिनिटं लाइट गेले तरी पोरं भोकाड पसरतात. ही मुलं तिथं कशी टिकली असतील?

एकापोल लहानपणीच आई-वडिलांना पारखा झाला होता. तो बौद्ध विहारात वाढला, कित्येक वर्षं तिथं श्रामणेर म्हणून राहिला. पुढे आजीची काळजी घ्यायला म्हणून त्याने मठ सोडला. गुहेत त्याने मुलांना स्वस्थ बसून ध्यान करायला शिकवलं. यात चमत्कार काही नाही. माणूस घाबरला की छाती धडधडते, श्वास जोरात चालतो, अंगातली ताकद भराभर संपते. उपाशी पोटी आणि कोंदट हवेत ते परवडणारं नव्हतं. गुहेतला प्राणवायू पुढे १५ टक्क्यांपर्यंत उतरला होता. एरवी हवेत तो २१ टक्के असतो. शांत बसणं म्हणजे तिथं शिदोरी पुरवून वापरणंच होतं.

पण ही गोष्ट इथंच संपवली तर ती अर्धवट राहील. ती मुलं नुसती डोळे मिटून बसली नव्हती. आळीपाळीने दगडांनी भिंत खणत होती, वाट सापडते का बघत होती. सगळी एकत्र होती. आणि बाहेर हजारो माणसं राबत होती. पाणी उपसण्यासाठी सल्ला द्यायला आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञही तिथं गेले होते. समन कुनान हा नौदलाचा माजी जवान हवेच्या टाक्या पोहोचवून परतताना ६ जुलैला प्राणाला मुकला.

आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ८ ते १० जुलै या तीन दिवसांत मुलांना पाण्याखालून बाहेर काढलं, तेव्हा ती ध्यानात नव्हती. ऑस्ट्रेलियाचे भूलतज्ज्ञ डॉ. रिचर्ड हॅरिस यांनी त्यांना गुंगीचं औषध दिलं होतं. पाण्याखाली कुणी घाबरून हातपाय झाडले असते, तर त्याचा आणि पाणबुड्याचा दोघांचाही जीव धोक्यात आला असता. तिथं कुणीही म्हणालं नाही, "पोरांनो, श्वासाकडे बघा, सगळं ठीक होईल." जिथं औषध लागतं तिथं औषधच दिलं!

शास्त्रज्ञ काय म्हणतात? अमेरिकेच्या मरीन सैनिकांना आठ आठवडे ध्यानाचं प्रशिक्षण दिलं, मग लढाईसारखा कठीण सराव करून घेतला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं, की शिकलेल्यांचा श्वास आणि हृदयाचे ठोके नंतर लवकर ताळ्यावर आले. त्याआधी २०१० च्या एका अभ्यासात फायदा दिसला तो रोज नेमाने सराव करणाऱ्या सैनिकांना. टाळाटाळ करणाऱ्यांना नाही. आणि ब्रिटनमधल्या शाळांत आठ हजारांहून जास्त मुलांवर मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. सरसकट सगळ्या वर्गाला असे धडे देऊन नेहमीच्या शिकवण्यापेक्षा वेगळा फायदा काही दिसला नाही. बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नव्हता.

म्हणजे ध्यान हे लोणच्यासारखं आहे. ते आधी मुरावं लागतं. पाहुणा दारात आल्यावर कैऱ्या चिरायला घेऊन चालत नाही. एकापोलच्या मागे कित्येक वर्षांचा सराव होता. माझ्यामागे आयसीयूच्या बाकड्यावर काय होतं? काहीच नाही. मग तेव्हा जमलं नाही, यात माझा दोष कसला?

आता रोज पहाटे, दूध तापायच्या आधी, दहा मिनिटं बसते. पाठ ताठ, श्वास येतो-जातो तिकडे लक्ष. मन भाजीवर जातं, लाइट बिलावर जातं, परत आणायचं. एवढंच. मोठं काही घडत नाही, पण मुलावर ओरडण्याआधी एक क्षण थांबता येतं, हे मात्र नक्की!

एक सावधगिरीही सांगायला हवी. मोठा धक्का बसलेल्या काही जणींना डोळे मिटले की तेच दृश्य पुन्हा दिसतं, जीव जास्त घाबरतो. असं झालं तर हट्ट करू नका. डोळे उघडे ठेवा, चालायला जा, डॉक्टरांशी बोला. झोप उडाली असेल, जगणंच नको वाटत असेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी, मोफत नंबर दिवसरात्र चालू असतो. घरात मारहाण होत असेल, तर तिथंही उपाय ध्यान नाही. तिथं मदत मागायचीच.

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एकीचे मिस्टर दवाखान्यात होते. मी भेटायला गेले. सल्ला एकही दिला नाही. डबा नेला, तिला खायला लावलं, आणि म्हटलं, "तू दोन तास घरी जाऊन झोप, मी बसते इथं." ती गेली. मग त्याच जुन्या बाकड्यावर बसून मी माझी दहा मिनिटं करून घेतली.