जामीनदार दात

हल्ली दाढेवर झिरकोनियाची कॅप बसवून घेतली, की दवाखान्यातून निघताना बहुधा हातात एक गुळगुळीत कार्ड पडते. त्यावर आपले नाव, दाताचा क्रमांक आणि ठळक अक्षरांत ‘दहा वर्षे’ किंवा ‘पंधरा वर्षे’. पाकिटात एटीएम कार्डाच्या शेजारी आपण ते जपून ठेवतो. माझी सारी नोकरी बँकेच्या कागदांवरची बारीक अक्षरे वाचण्यात गेली. त्यामुळे असे कार्ड उलटे करून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. हमी असते ती कॅपची. कॅपखालच्या दाताची नव्हे.

कॅपची हमी पोकळ नसते, हेही सांगायला हवे. झिरकोनिया म्हणजे झिरकोनियमचे ऑक्साइड. हे मूलद्रव्य १७८९ मध्ये क्लाप्रोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने श्रीलंकेहून आलेल्या खड्यात ओळखले. केरळात चवऱ्याच्या समुद्रकाठच्या वाळूतही त्याचे खनिज मिळते. आणि आपल्या घरात ते केव्हाच शिरले आहे, फक्त दुसऱ्या नावाने. सराफाकडचा ‘अमेरिकन डायमंड’ म्हणजे झिरकोनियाच! लग्नात कानात चमकणारा खडा आणि दाढेवरची पांढरी कॅप ही एका घराण्यातली भावंडे आहेत. वेगळी आहे ती स्फटिकांची ठेवण.

दाढेच्या झिरकोनियात रेणूंच्या हिशेबाने जेमतेम ३ टक्के यिट्रियाची भर घालतात. त्यामुळे त्याचे कण एका अवघडलेल्या अवस्थेत थबकून राहतात, पंगतीत दाटीवाटीने बसलेल्या माणसांसारखे. एखादी बारीक चीर पडू लागली, की तिच्या टोकाशी असलेले कण ऐसपैस होतात, सुमारे ४ टक्के फुगतात आणि चिरेला दाबून धरतात. कपबशीला तडा गेला की तो थेट काठापर्यंत धावतो, इथे तो वाटेतच अडतो. गार्वी, हॅनिंक आणि पॅस्को या ऑस्ट्रेलियातल्या तिघा संशोधकांनी १९७५ मध्ये ‘नेचर’मध्ये हे मांडले, तेव्हा लेखाच्या मथळ्यातच त्यांनी विचारले होते, हे सिरॅमिकचे पोलाद तर नव्हे?

पण या पोलादाला दातासारखी नितळ झाक नसते, ते चुन्यासारखे पांढरे दिसते. म्हणून सुरुवातीला त्यावर पोर्सेलीनचा थर चढवत आणि नेमके त्या थराचेच टवके उडत. आता एकसंध झिरकोनियाच्या कॅप मिळतात. पुढच्या दातांसाठी यिट्रिया वाढवून जास्त पारदर्शक प्रकार काढला आहे. मात्र त्यात अमेरिकन डायमंडची ठेवण जितकी वाढते, तितकी चीर अडवण्याची करामत कमी होते आणि ताकद निम्म्याच्या आसपास येते. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, ही म्हण इथे शब्दशः खरी आहे. तेव्हा ‘झिरकोनिया बसवा’ एवढेच सांगून भागत नाही. कोणता झिरकोनिया आणि कोणत्या दातावर, हे डॉक्टरांना विचारावे.

लॅबमध्ये खडूसारख्या मऊ ठोकळ्यातून यंत्र कॅप कोरून काढते. ती मुद्दाम मोठी ठेवतात, कारण सुमारे १५०० अंशांच्या भट्टीत ती साधारण पाचव्या हिश्शाने आक्रसते आणि दाताच्या मापाची होते.

इथवर सारे ठीक. प्रश्न येतो ब्रिजचा.

बँकेत एक दृश्य हमखास दिसे. ‘नुसती सही तर करायची आहे,’ म्हणत कर्जदार आपल्या मित्राला घेऊन येई. मित्र चहा पिई, न वाचता सही ठोके आणि घरी जाई. पुढे हप्ते थकले, की नोटीस दोघांच्याही दारात. ब्रिजमध्ये पडलेल्या दाताचे दोन शेजारी असे जामीनदार होतात. त्यांना बाजूंनी साधारण एक आणि वरून एक ते दीड मिलिमीटर कोरून लहान करतात, मग त्यांच्यावर टोप्या आणि मध्ये लटकता दात. पडलेल्या दाताचा भार उरलेला जन्म त्या दोघांनी वाहायचा. कोरलेले इनॅमल पुन्हा उगवत नाही. शेजारी धडधाकट असले तर ही सही फार महाग पडते.

आमच्या एका मेहुण्यांचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. त्यांचा ब्रिज दिमाखदार होता, कडक चकलीलाही दाद न देणारा. एका जामीनदाराचे रूट कॅनाल पूर्वीच झालेले. त्या दातात संवेदना नव्हती, म्हणून हिरडीशी, जिथे टोपी संपते तिथे, कीड लागली तरी ठणका लागला नाही. तोंडाला वास येऊ लागला तेव्हा कळले. ब्रिज काढायला डॉक्टरांना हिऱ्याच्या कणांच्या बरने तो कापावा लागला, आणि त्यात बराच वेळ गेला. भावंड अमेरिकन डायमंडचे, पण कापायला खरा हिराच लागतो! ब्रिजवर ओरखडाही नव्हता. आतला दात मात्र काढावा लागला. ब्रिज एकसंध, त्यामुळे एक दात किडला आणि तिन्ही दातांचे खाते बुडीत निघाले. कार्डावर अजून चार वर्षे शिल्लक होती.

म्हणून दवाखान्यात पहिला प्रश्न कार्डावरच्या वर्षांचा नको, जामीनदारांचा हवा. त्यांचा एक्स-रे काय म्हणतो? हिरडीच्या वर टोपीने घट्ट धरण्याजोगा निदान दोन मिलिमीटर भक्कम दात शिल्लक आहे का? रात्री झोपेत दात खाण्याची सवय असेल तर तीही न लाजता सांगावी, तिचा भार या दोघांवरच येतो. शेजारी आधीच मोठमोठी सिमेंटे भरलेले, कधी तरी कॅप लागणारच असे असतील, तर ब्रिज हा शहाणपणाचा व्यवहार आहे. शेजारी कोरे असतील तर इम्प्लांटची चौकशी करावी. त्याला हाड पुरेसे लागते आणि खर्चही जास्त येतो, पण कुणाची सही लागत नाही. पुढचा एखादा दात पडला असेल, तर एकाच शेजाऱ्याच्या पाठीला झिरकोनियाचा पातळ पंख चिकटवून दात बसवण्याची पद्धतही आहे. त्यात कोरणे जवळजवळ नसते.

आणि ब्रिज बसवलाच, तर त्याखाली साधा दोरा वरून जात नाही. टोकाशी ताठ असलेला खास दोरा किंवा बारीक ब्रश बाजूने घालावा लागतो, रोज रात्री. तो कसा घालायचा, ते खुर्चीवरून उठण्याआधी डॉक्टरांसमोर आरशात बघून एकदा करून दाखवावे.