चांगल्या स्टिरिओवर काय ऐकावे?

संगीत चांगले असणे आणि ते चांगले मुद्रित झालेले असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपण पुष्कळदा त्यांची गल्लत करतो. केसरबाई केरकरांची भैरवीची एक जुनी ध्वनिमुद्रिका १९७७ साली 'व्हॉयेजर' यानांबरोबर अंतराळात गेली, यावरून त्या गाण्याची थोरवी कळावी. पण तीच ध्वनिमुद्रिका भारी स्टिरिओवर लावली, तर सुरांबरोबर जुन्या तबकडीची खरखरही तितकीच स्पष्ट ऐकू येते. म्हणून ती ऐकू नये असे नव्हे. मी तर ती मोबाइलवरही ऐकतो. एवढेच की, स्टिरिओचे सामर्थ्य पाहण्यासाठी ती लावण्यात अर्थ नाही.

याच्या उलटही प्रकार असतो. गेल्या वर्षी जिल्ह्याच्या गावी एका दुकानात सहज डोकावलो. तिथल्या स्पीकरच्या एका जोडीची किंमत आमच्या दोन एकर सोयाबीनच्या वर्षाच्या उत्पन्नाहून अधिक होती. विक्रेत्याने आम्हां मित्रांना काच फुटल्याचा आवाज ऐकवला, मग आगगाडी ऐकवली. "एखादा अभंग आहे का?" असे विचारल्यावर तो नुसताच हसला. काच किती छान फुटते हे ऐकण्यासाठी माणसे एवढा पैसा का घालतात, हे कोडे मला अजून उलगडलेले नाही.

मग उत्तम मुद्रण ओळखावे कसे? माझ्यापाशी एकच माप आहे. माझे वडील चौथीपर्यंत शिकले. पण आमच्या गावच्या भजनी मंडळात पखवाज त्यांच्याकडे असतो. धुमेला ओली कणीक लावल्यावर तिचा आवाज कसा खोल जातो, शाईवरची थाप कशी टणत्कारते आणि देवळाच्या दगडी सभामंडपात तो नाद क्षणभर कसा रेंगाळतो, हे लहानपणापासून कानात बसलेले आहे. वाद्याचा आवाज, त्याची जागा आणि त्याच्या भोवतालची हवा या तिन्ही गोष्टी ज्या मुद्रणात सापडतात, ते उत्तम. हे माप खेड्यातून आलेल्या कोणाही विद्यार्थ्यापाशी असते; फक्त ते वापरायचे असते हे कोणी सांगितलेले नसते. मला ते आमच्या एका सरांच्या घरी कळले. त्यांच्याकडे जुना पण उत्तम स्टिरिओ आहे आणि रविवारी ते आम्हां चार-पाच जणांना ऐकायला बोलावतात.

'जागा' कशी सापडते, हे थोडे समजावून सांगितले पाहिजे. आपल्याला कान दोन आहेत. डावीकडचा आवाज डाव्या कानात किंचित आधी व किंचित मोठा पोचतो, त्यावरून मेंदू दिशा ताडतो. इंग्लंडमधील ई.एम.आय. कंपनीचे अभियंते ॲलन ब्लमलाइन यांनी १९३१ साली याच तत्त्वावर स्टिरिओचे पेटंट मागितले. त्यांच्या एका पद्धतीत दोन मायक्रोफोन एकाच ठिकाणी, पण एकमेकांशी काटकोन करून ठेवतात. हे मायक्रोफोन समोरचा आवाज घेतात तसा पाठीमागचाही घेतात. त्यामुळे वादकांबरोबर खोलीच्या भिंतींवरून परतणारा नादही टिपला जातो. स्टिरिओच्या तबकड्या बाजारात आल्या त्या १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस. ते पाहायला ब्लमलाइन राहिले नाहीत. १९४२ साली युद्धकाळात एका विमान अपघातात ते गेले.

या पद्धतीचा चमत्कार अनुभवायचा असेल तर 'अ मीटिंग बाय द रिव्हर' ऐकावे. जयपूरचे विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा आणि अमेरिकेचे राय कूडर यांची गिटार. १९९२ च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे एका प्रार्थनामंदिरात हे मुद्रण झाले. दोघांची पहिली भेट त्याआधी थोडाच वेळ झालेली! तबल्यावर सुखविंदर सिंग आणि एका तालवाद्यावर कूडर यांचा चौदा वर्षांचा मुलगा. तंत्रज्ञ कवी अलेक्झांडर यांनी ब्लमलाइनच्या पद्धतीने मायक्रोफोन लावले, निर्वात नळ्यांची यंत्रे वापरली आणि आवाज कोठेही दाबला वा सजवला नाही. १९९४ साली त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. पुरस्काराचे सोडा, त्यातला तबला ऐका. तो कानाशी येत नाही, आपल्या जागी बसून राहतो, आणि त्याच्या मागे त्या वास्तूची उंची जाणवते. प्रथम ऐकले तेव्हा मला आमचा सभामंडप आठवला.

आवाज 'दाबणे' म्हणजे काय, तेही सांगतो. हलका आवाज वर उचलायचा, मोठा खाली दाबायचा आणि मग सगळेच मोठ्याने वाजवायचे. आजची बहुतेक चित्रपटगीते अशी असतात. रिक्षात ती बरी वाटतात. पण पखवाजावर बोट टेकवणे आणि पूर्ण पंजा मारणे यांतला फरकच जिथे नाहीसा होतो, तिथे महाग स्पीकर तरी काय करणार?

परदेशी संगीतात माइल्स डेव्हिस यांचे 'काइंड ऑफ ब्ल्यू' घ्यावे. १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत, म्हणजे मुळातल्या एका चर्चमध्ये, ते मुद्रित झाले. गंमत अशी, की त्या दिवशी एक यंत्र किंचित हळू फिरत होते, त्यामुळे पहिल्या बाजूचे तिन्ही तुकडे वर्षानुवर्षे किंचित चढ्या सुरात वाजत राहिले. १९९२ च्या आवृत्तीत ते सुधारले, तेव्हा विकत घेणाऱ्याने तेवढे पाहून घ्यावे. याच स्टुडिओत ग्लेन गूल्ड यांनी १९५५ व १९८१ साली बाखच्या 'गोल्डबर्ग' रचना पियानोवर वाजवल्या. त्यांना वाजवताना गुणगुणण्याची खोड होती. चांगल्या यंत्रावर ती गुणगुण लपत नाही. काहींना तिचा त्रास होतो, मला मात्र माणूस जवळ बसल्यासारखा वाटतो.

आपल्याकडचे म्हणाल तर १९६७ चे 'कॉल ऑफ द व्हॅली' आहेच. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. संतूर हे मोठे परीक्षक वाद्य. कच्च्या यंत्रावर त्याचे ठोके एकमेकांत मिसळून नुसती किणकिण उरते. चांगल्यावर प्रत्येक ठोका आणि त्यामागे विरत जाणारा नाद सुटा मोजता येतो.

ऐकताना दोन स्पीकर आणि आपण असा समभुज त्रिकोण करावा, स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढावेत, आवाज बेताचा ठेवावा. याला पैसे पडत नाहीत. आपल्या महाविद्यालयाच्या भाषा प्रयोगशाळेत स्पीकरची एक जोडी आहे, ती दोन्ही एकाच कपाटावर चिकटवून ठेवलेली आहे. शनिवारी दुपारी तासांनंतर ती खोली तासभर उघडी मिळाली, तर ज्यांच्या घरी मोबाइलपलीकडे काही नाही अशा आम्हा मुलामुलींना हे सारे ऐकता येईल. तसा अर्ज बावीस जणांच्या सह्यांनी कार्यालयात दिला आहे. प्राध्यापकांपैकी कोणी त्यावर सही केली तर तो लवकर हलेल.